हातावरची भाकरी थापणारी आत्या

माझ्या मैत्रिणीच्या आत्याला मी कधी भेटले नाही. तरी गेल्या हिवाळ्यात मी सगळ्यांत जास्त कुणाच्या हातांची चित्रं काढली असतील तर तिच्याच.

आम्ही दोघी परदेशात, रीडिंग शहरात ॲनिमेशन शिकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चित्रं काढायला एवढ्या लांब कशाला, याचं नीट उत्तर मला सोलापूरच्या घरी अजून देता आलेलं नाही. मैत्रीण पॅलेस्टिनी, पण जन्मली आणि वाढली इथल्याच क्रॉयडनला. शेवटच्या वर्षाच्या फिल्मसाठी तिने आत्याची खरी गोष्ट घेतली. आत्या तरुण असताना लष्कराने त्यांच्या गावातल्या शाळा बंद केल्या. मग गल्लीतल्या बायकांनी स्वयंपाकघरांत चोरून वर्ग भरवले. आत्या गणित शिकवायची. दारावर थाप पडली की वह्या परातीखाली जायच्या आणि प्रत्येक मुलाच्या हातात कणकेचा गोळा यायचा.

लग्नानंतर आत्या गाझात गेली. आता ती तिथेच, तंबूत राहते. नेटवर्क मिळालं की अरबीत व्हॉइस नोट पाठवायची. मैत्रीण मला तिचा अर्थ सांगायची आणि मी काढायला बसायची. एक हात ओढणीपर्यंत न्यायचा तरी अर्धा दिवस जातो, म्हणून आधी कच्चा तुकडा करून आम्ही तो आत्याला पाठवायचो.

दारावर थाप पडते तो प्रसंग माझ्याकडे होता. मी फार मन लावून केला. आत्या परातीपुढे बसली आहे आणि गोळा या तळव्यावरून त्या तळव्यावर थापते आहे. माझी आई भाकरी अशीच करते. दुसरं काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मैत्रीण पाकिटातल्या ब्रेडवर वाढलेली, तिलाही काही खटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी व्हॉइस नोट आली. आधी नुसतं हसणं. मग, "अगं, ही बाई टाळ्या का वाजवतेय? दारात सैनिक आलेत, वरात नाही!" त्यांच्याकडे कणीक मळून कापडाखाली झाकून ठेवतात, त्या कापडाला सैनिकही हात लावायला धजत नसत, असं तिने सांगितलं. शेवटी म्हणाली, "परात कशी होती ते उद्या सांगते. आता बॅटरी संपत आलीय."

त्यानंतर तिच्याकडून काही आलं नाही. आम्ही पाठवलेल्या मेसेजपुढे एकच टिक राहिली.

मी प्रसंग पुन्हा काढला. कणकेवर कापड घातलं. पण ते पांढरं होतं की पट्ट्यांचं, हे सांगणारं कुणी नव्हतं. घरून फोन आला की आई विचारायची.

"बोलली का गं तिची आत्या?"

"नाही."

"लाईट नसंल तिकडं."

"हो."

"तू विचारत जा तिला. नको, सारखं नको विचारू. जेवली का, तेवढं विचार."

फिल्म द्यायच्या आधी मैत्रीण म्हणाली, "पहिला तुकडा ठेवू या. टाळ्यांचा."

"पण तो चुकलाय," मी म्हटलं. "माझ्यामुळे तुझे मार्क जातील."

"ती त्याच्यावरच हसलीय. माझ्याकडे तिचं दुसरं हसणं नाही."

मग फिल्ममध्ये आधी माझी चूक आली, तिच्यावर आत्याचं हसणं, आणि मग झाकलेली कणीक. कॉलेजात ती दाखवली तेव्हा इंग्रजी सबटायटलमधल्या "वरात नाही" या वाक्याला सगळा हॉल हसला. मैत्रीण हसली नाही. तिचा फोन मांडीवर उताणा होता.

नंतर कुणीतरी विचारलं, "आत्यांनी ही फिल्म बघितली का?" मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. मी चित्रांबद्दलची उत्तरं पाठ करून आले होते. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं. "अजून नाही," मी म्हणाले, आणि ते 'अजून' आपण कशाच्या जोरावर म्हटलं असं मलाच वाटलं.

बसस्टॉपवर तिने अख्खी फिल्म आत्याला पाठवली. ती जायला बराच वेळ लागला. मग एक टिक आली. आम्ही दुसरीची वाट बघत उभ्या राहिलो.

"जेवलीस का?" मी विचारलं.

तिने फोनवरून नजर न काढता मान हलवली. नाही. आमची बस समोरून येत होती, पण मी बसला हात केला नाही.