लूमच्या आवाजात सांगितलेले जोक

लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कितीही झाडू मारा, तासाभरात कापसाचा तूस पुन्हा जमतो. आमच्या चौकडीच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगून संपवावा तर दोन नवीन निघतात, आणि वर छायाताई म्हणते की तू तो नीट सांगितलाच नाहीस. आज ती इथं नाही, तेवढ्यात सांगून घेतो.

टीव्हीवर तेव्हा हसवणाऱ्यांचे कार्यक्रम नुकतेच जोरात सुरू झाले होते. एक माणूस, एक माइक, समोर पब्लिक. मला वाटलं, हे तर आपल्यालाही जमेल! मी भिवंडीत एका कारखान्यात मास्टर होतो, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जोक'. पुढचे तीन आठवडे त्याखाली काहीच सुचलं नाही.

*

पहिला जोक झाला तो चार पानांचा. मामाच्या लग्नाचा. वरात मानकोलीच्या नाक्यावर कंटेनरच्या रांगेत अडकली होती, त्याची सगळी हकीगत लिहिली आणि छायाताईकडे नेली.

छायाताईचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी एसटीडी बूथ. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आल्यापासून बूथवर माशीही फिरकत नव्हती, म्हणून ती विहारात मुलांची शिकवणी घ्यायची. निबंध तपासायचं लाल पेन तिनं माझ्या वहीवर चालवलं. बँडवाले गेले. रुसलेली आत्या गेली. घोडी गेली. घोडीवर पाऊण पान होतं, मला फार वाईट वाटलं. शेवटी उरलं ते एवढंच: 'मामा गुळगुळीत दाढी करून वरातीला निघाला. वाटेत मानकोलीचा नाका. मांडवात नवरीनं विचारलं, हा दाढीवाला कोण?'

मी म्हणालो, ताई, माझी चार पानं!

"ती तुझी हौस होती," ताई म्हणाली. "जोक हा आहे."

मी आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. मग पुढची सहा पानं घेऊन गेलो.

*

दुसरा गुरू इद्रिस चाचा. उत्तर प्रदेशातून आलेला जुना विणकर, माझ्या वडिलांच्या वयाचा. चाळीस लूम एकदम चालतात तेव्हा कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून कारखान्यात सगळे आवाज न काढता ओठांनी आणि हातांनी बोलतात. नवीन माणूस सहा महिन्यांत ओठ वाचायला शिकतो.

एक दिवस मी चाचाला तसाच ओठांनी एक नवा जोक सांगायला घेतला. चाचा सहा लूम सांभाळायचा. माझं पहिलं वाक्य होतंय तोच पलीकडे धागा तुटला आणि तो चालायला लागला. मी त्याच्या मागे, उलट्या पावली, तोंड हलवत. सहाव्या लूमपाशी त्यानं धागा जोडला, पुन्हा पहिल्या लूमपाशी आला, तरी माझा जोक चालूच. चाचानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ओठ हलवले, "बेटा, ये छह लूम का है. दो लूम का बना."

तेव्हापासून आम्ही जोक लूमवर मोजायला लागलो. त्या सहा लूमचा झाला दोनाचा: 'भिवंडीतलं बाळ लूमच्या आवाजात गाढ झोपतं. लाइट गेली की शांततेनं दचकून उठतं.' कारखान्यात हसूही ऐकू येत नाही, म्हणून समोरच्याच्या खांद्यांकडे बघायचं. चाचाचे खांदे दोनदा हलले की जोक वहीत जायचा.

*

आता शेठ. 'तसा शेठ मनानं वाईट नव्हता' असं म्हणायची एक पद्धत आहे. मी म्हणणार नाही.

शेठ रोज सकाळी हात मागे बांधून कारखान्यात फेरी मारायचा आणि प्रत्येकाला हातानंच विचारायचा, काही तक्रार? सगळं आयुष्य ऑफिसच्या काचेआड गेल्यामुळे त्याला ओठ वाचता येत नव्हते, आणि येत नाहीत हे तो कबूल करायचा नाही. इद्रिस चाचा दोन्ही हात जोडायचा, चेहऱ्यावर पूर्ण अदब, आणि आवाज न काढता सांगायचा की शेठ, संडासाला दार नाही, पंखा मेलाय त्याचं वर्षश्राद्ध आलं, आणि तुमच्या अत्तरानं आमचे धागे तुटतात. शेठ गंभीरपणे मान हलवायचा, "ठीक आहे, ठीक आहे," आणि पुढच्या लूमकडे जायचा. त्याच्या पाठीमागे सगळ्या ओळीचे खांदे हलायचे.

हे मी दोन लूमचं करून वहीत उतरवलं. छायाताईनं पहिल्यांदाच काही खोडलं नाही. पेनाला टोपण लावून तिनं विचारलं, हा स्टेजवर सांगायची हिंमत आहे का? मी म्हटलं, आहे. खरं तर नव्हती.

*

चौकडीतला चौथा काशीनाथदादा, कशेळीचा. शेती होती तिथं आता गोदामं उभी आहेत, त्यामुळे दादाला वेळच वेळ. शुक्रवारी लूम बंद, म्हणून दर शुक्रवारी दुपारी त्याच्या ओटीवर आमची प्रॅक्टिस. दादाचं काम एकच, हसायचं. तेवढं सोडून तो बाकी सगळं करायचा. चहा द्यायचा, सुपारी कातरायचा आणि जोक संपला की म्हणायचा, "खरं हाय."

एकदा मी त्याच्यावरच जोक केला. 'दादाच्या शेतात पूर्वी कुणाचीही गुरं घुसायची. आता दादा गेला तरी वॉचमन गेटपास मागतो.' दादा चहाचे कप उचलून आत गेला. मला वाटलं, माणूस दुखावला.

सोमवारी खाडीवर एकाचं दहावं होतं. पिंड ठेवलेला, कावळा काही शिवेना, सगळा गाव वर बघत उभा. आणि दादाला तो शुक्रवारचा जोक तेव्हा कळला. हसता हसता तो खालीच बसला. भाऊबंद खवळले, तेव्हा जीव वाचवायला त्यानं जोक सांगून टाकला. तिथल्या निम्म्या लोकांच्या जमिनी गोदामातच गेलेल्या. मग कोणी कुणाला आवरायचं! सगळा घाट हसत असताना कावळा आला आणि शिवून गेला. गेलेल्या माणसाचा भाऊ दादाला म्हणाला, "मंग आधी का न्हाय सांगितलास?"

*

एका चॅनेलची ऑडिशन होती मुंबईत. एसी खोली, समोर तीन जज. मी सवयीप्रमाणे कारखान्याबाहेरच्या माणसाशी बोलतो तसा, म्हणजे ओरडून, सुरू झालो. साउंडवाल्यानं हेडफोन काढून फेकला. एक जज म्हणाला, जरा हळू. मी इतका हळू झालो की नुसते ओठच हलायला लागले. मला ते कळलंही नाही. मी आपला त्यांचे खांदे बघतोय. एका बाईंचे खांदे हलले, म्हटलं जमलं! त्यांना शिंक येत होती.

मग मोठ्या जजनं गाव विचारलं. भिवंडी म्हटल्यावर तो हसला, त्या दिवशी पहिल्यांदा. म्हणाला, ठाणे सांगत जा, भिवंडीत कोण हसतं? आणि हे लूम वगैरे काढून टाक, बायकोवर जोक कर.

"मला बायको नाही," मी म्हणालो. "लूम आहेत."

त्यानं पुढच्याला बोलावलं. परत येताना मला इतका राग आला होता की कशेळीचा पूल कधी मागे पडला ते कळलं नाही. भिवंडीत कोण हसतं म्हणे! चाचाला सांगितलं, तर तो म्हणाला की त्या माणसाला कारखान्यात दोन महिने कामाला लाव, तोपण हसेल.

*

त्याच वर्षी आमच्या भागातल्या मंडळानं हास्यस्पर्धा ठेवली. मी नाव दिलं. दोन दिवसांनी शेठनं काचेआड बोलावलं. त्याच्या कानावर वहीची बातमी गेली होती.

"मास्टर, स्पर्धेला मी अध्यक्ष आहे," तो म्हणाला. "तिथं माझ्यावर एक शब्द जरी ऐकू आला, तर दुसऱ्या दिवसापासून लूमला हात लावायचा नाही."

घरी आई होती, बहिणीचं कॉलेज होतं आणि कमावणारा मी एकटा. घाबरलो, खोटं कशाला सांगू. पण संडासाला दार लावायला ज्याला चार वर्षं पुरली नाहीत, त्याला माझी वही बंद करायला चार मिनिटं पुरावीत, हे मला सहन होईना. मी हात मागे बांधले आणि मान हलवली, "ठीक आहे, ठीक आहे."

*

स्पर्धा शुक्रवारी दुपारी, मैदानात मांडव घालून. लोडशेडिंगच्या वेळापत्रकाप्रमाणे लाइट गेली आणि मांडवामागे जनरेटर सुरू झाला. त्याचा आवाज ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. पुढे सोफ्यावर शेठ आणि त्याचे पाहुणे. मागे दोनेकशे लूमवाले, बसायला जागा नाही म्हणून उभे, मधोमध इद्रिस चाचा. छायाताई बाजूला, हातात लाल पेन.

दाढीवाला सांगितला, हसले. बाळाचा सांगितला, जास्त हसले. गेटपासचा सांगितला, तेव्हा काशीनाथदादा सोडून सगळे हसले. जोक एकदा कळून गेलेला असला, तरी हसायला दादाला सोमवारपर्यंत वेळ होता.

मग मी म्हणालो, "आता आमच्या कारखान्यातला एक."

शेठनं माइकवाल्याकडे बघून बोट हलवलं. माइक बंद झाला. मी काही बोललो तर जनरेटरमुळे पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसतं. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला. खाली उतरलो असतो तर कोणी नावं ठेवली नसती.

तेवढ्यात मागे चाचानं दोन्ही हात जोडले आणि चेहऱ्यावर अदब आणली.

मीही स्टेजच्या कडेला आलो, शेठच्या अगदी समोर, आणि हात जोडले. आवाज अजिबात काढला नाही. नुसते ओठ. शेठ, संडासाला दार नाही. मागे खांदे हलायला लागले. पंखा मेलाय, त्याचं वर्षश्राद्ध आलं. मागची रांग एकमेकांच्या अंगावर पडायला लागली. तुमच्या अत्तरानं आमचे धागे तुटतात. आणि दोनशे माणसं एकदम अशी हसली की जनरेटर ऐकू येईना. सहा वर्षं शेठच्या पाठीमागे मी नुसते हलणारे खांदे पाहिले होते. त्या हसण्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

शेठनं मागे वळून पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडून उभा. शेजारच्या पाहुण्यानं टाळ्या वाजवत त्याच्या कानाला लागून काहीतरी विचारलं. बहुतेक, काय म्हणतोय हा?

जोकचं शेवटचं वाक्य अजून बाकी होतं. मी थांबलो. मागचे सगळे थांबले.

शेठ काय बोलला ते जनरेटरच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण ओठ वाचता येतात मला. त्यानं पाहुण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गंभीरपणे मान हलवली, "ठीक आहे, ठीक आहे."