पिंपळनेरला गेलेलं रबरी बाळ

“हाई ल्या सर, तुमनं बाळ. आनि मनी पोरना दाखला द्या.”

दीपालीच्या वडिलांनी रबरी बाळ माझ्या टेबलावर ठेवलं. माणूस संतापलेला होता, तरी ठेवताना त्यांचा पंजा बाळाच्या मानेखाली होता. मान सांभाळा, मान सांभाळा, असं मी वर्गात ओरडून ओरडून शिकवत होतो तेच. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांना माझ्याकडून मार्कही नको होते. त्यांना मुलीचं नाव कॉलेजातून काढायचं होतं.

बाळ कॉलेजचं होतं. चूक मात्र पूर्णपणे माझी, खासगी मालकीची.

धुळ्यातल्या एका नर्सिंग कॉलेजात मी बालसंगोपन शिकवतो. आमच्याकडे सिम्युलेटर आले. सिम्युलेटर म्हणजे खऱ्यासारखं वागणारं यंत्र. आमचं यंत्र तान्ह्या बाळाच्या वजनाचं, तान्ह्या बाळासारखंच भेसूर रडणारं. विद्यार्थिनीच्या मनगटावर एक पट्टा असतो. तो पट्टा बाळाला टेकवला की बाळ ‘आई’ ओळखतं. मग तिने ओळखायचं, की भूक आहे, लंगोट ओला आहे, ढेकर काढायची आहे की नुसतं जवळ घ्यायचं आहे. बरोबर ओळखलं तर बाळ गप्प होतं. मान लोंबकळली तर किंचाळतं. सगळं आत नोंदलं जातं आणि नंतर लॅपटॉपवर मार्क दिसतात.

इथपर्यंत सगळं कंपनीचं होतं. पुढची अक्कल माझी.

मी पुण्याला वर्कशॉप करून आलो होतो. सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं होतं. असा माणूस कॉलेजात किती धोकादायक असतो, ते आमच्या प्रिन्सिपल मॅडमना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, “सर, बाळं हॉस्टेलवरच ठेवा.”

मी म्हणालो, “मॅडम, हॉस्टेलवर आई घडत नाही. शनिवार-रविवार मुलींनी बाळ घरी न्यायचं.”

शिवाय मी एक नियम केला. बाळ ताब्यात असेपर्यंत त्याला बाहुली म्हणायचं नाही. कोणी विचारलं तर ‘माझं बाळ’ म्हणायचं. बाहुली म्हणाल तर मार्क कापणार. वर्कशॉपमध्ये असं कोणी सांगितलं नव्हतं. एवढं शहाणपण मी घरच्या घरी तयार केलं.

दीपालीने हात वर केला. ती पिंपळनेरची, वडिलांची पिठाची गिरणी. वर्गातली सगळ्यात सरळ मुलगी. सांगितलं तेवढं करणारी.

“सर, गावात कोणी विचारलं तर?”

“तर काय? नर्स लाजायला लागली तर पेशंटने कोणाकडे बघायचं?”

वर्ग हसला. मीही हसलो. दीपाली खाली बसली.

शनिवारी ती बाळ घेऊन साक्रीमार्गे जाणाऱ्या एसटीत बसली. बाळाने रडायला जागा निवडली ती कुसुंब्याच्या पुढे, गाडी भरलेली असताना. शेजारी तिच्याच गल्लीतल्या एक अक्का होत्या.

“कोनं बाळ शे व माय?”

दीपालीला नियम आठवला. “माझं.”

“लगीन कव्हय व्हयनं तुनं?”

यावर काय म्हणायचं, ते मी शिकवलं नव्हतं. ती गप्प राहिली. गप्प राहण्याचा अर्थ गावाला फार चांगला लावता येतो.

घरी गेल्या गेल्या तिने सांगून टाकलं, की ही बाहुली आहे, कॉलेजची आहे. आईने टोपडं काढून बघितलं. आजीने गाल दाबून पाहिला आणि “रबर शे” असा निकाल दिला. घरचा प्रश्न तिथेच मिटला. पण अक्का तिच्या आधी गल्लीत पोचल्या होत्या. शिवाय बाळ दिवसभर खणखणीत रडत होतं. यंत्र उत्तम प्रतीचं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर गर्दी झाली. ज्यांच्या घरी पीठ शिल्लक होतं त्याही डबे घेऊन आल्या. वडील प्रत्येकीला सांगत होते, रबरी आहे, अभ्यासाचं आहे. जितकं सांगत होते तितकं बाळ खरं होत होतं. एका बाईने तर आंगडं-टोपडं आणून दिलं आणि मायेने म्हणाली, “ज्ये व्हयनं ते व्हयनं, भाऊ.” संध्याकाळी साक्रीच्या पाहुण्यांचा फोन आला. दीपालीची सुपारी फुटायची होती. पाहुणे म्हणाले, जरा थांबू.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नाही. सोमवारी ती आली नाही, तेव्हा मी फोन केला आणि कॉलेजच्या मालमत्तेबद्दल बोललो.

ती म्हणाली, “सर, मी घरी बाहुली म्हणून सांगितलं.”

प्रामाणिकपणे. माझा नियम मोडल्याची तक्रार स्वतःवरच.

मी म्हणालो, “वा! दोन तासांत आईपण नाकारलंस. मार्क गेले.” आणि फोन ठेवला. हे वाक्य मला तेव्हा विनोदी वाटलं होतं. स्टाफरूममध्ये चहाबरोबर मी ते पुन्हा ऐकवलंही.

मंगळवारी वडील टेबलासमोर उभे होते.

मी त्यांना खुर्ची दिली आणि भाषण दिलं. आधुनिक शिक्षणपद्धती, कौशल्य, आत्मविश्वास. शेवटी म्हणालो, “गैरसमज झाला असेल तर दिलगीर आहे.”

ते शांतपणे म्हणाले, “मी बठ्ठा गावले सांगं, रबरनं शे. कोनी मानत नही. आते लोक म्हंतस, पोर शिकाले धाडी ते असंच व्हस. मनी धाकली पोर बी शिकाले निंघनार व्हती. तिनं काय?”

म्हणजे माझ्या एका नियमाने दोन मुलींचं शिक्षण बंद पडत होतं. प्रयोगाचा एवढा मोठा परिणाम मी आयुष्यात पाहिला नव्हता.

प्रिन्सिपल मॅडम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी दाखला दिला नाही. वडिलांना म्हणाल्या, “नाना, चार दिवस द्या.” ते गेल्यावर माझ्याकडे वळल्या.

“सर, तुम्ही पिंपळनेरला जा. बाळ घेऊन. एसटीने.”

“मॅडम, माझी गाडी आहे.”

“माहीत आहे.”

गेलो. पट्टा माझ्या मनगटावर होता. बाळ रडलं, मी बाटली लावली. ते आणखी रडलं, कारण त्याचा लंगोट ओला होता. विषय मी शिकवतो.

कंडक्टर म्हणाला, “काका, याची आई कुठंय?”

“ही बाहुली आहे.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं आणि मागच्या बाईला सांगितलं, “मावशी, जरा बघा बरं, यांना जमत नाहीये.” मावशींनी बाळ घेतलं, रबर हाताला लागताच दचकल्या आणि परत माझ्या मांडीवर टाकलं. त्यानंतर साक्रीपर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी राहिली. पन्नाशीच्या पुरुषाला एवढं, तर विशीच्या मुलीला केवढं, हा हिशोब एसटीत बसल्याशिवाय मला आला नाही.

दीपाली परत आली, हे इथेच सांगून टाकतो. तिची धाकटी बहीणही पुढे शिकायला लागली. सुपारीचं काय झालं, ते मी विचारलं नाही. तो माझा विषय नव्हता आणि तेवढं तरी मला कळायला लागलं होतं. बाळं आता हॉस्टेलवरच राहतात आणि मुली त्यांना बिनधास्त बाहुल्या म्हणतात. मानेखाली हात तरीही बरोबर जातो. शिकवायला खोटं बोलावं लागत नाही, एवढा साधा धडा घ्यायला मला साठ-सत्तर माणसांची एसटी लागली.

त्या दिवशी मी पिंपळनेरला पोचलो, तेव्हा गिरणी चालू होती. बायका डबे घेऊन बसल्या होत्या. मी पाठ केलेलं वाक्य बोलायला लागलो, पण गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. दीपालीच्या वडिलांनी मोटर बंद केली. एकदम शांतता झाली.

“आते बोला, सर. बठ्ठासले ऐकू जाई.”

मी बाळाची पाठ उघडली आणि आतली बॅटरी बायकांना दाखवली. गल्लीतल्या अक्का पुढे येऊन वाकून बघून गेल्या. दीपाली आतल्या दारात उभी होती. पाठ केलेलं वाक्य काही मला आठवलं नाही.

“दीपाली, तुला ‘माझं बाळ’ म्हणायला मी सांगितलं होतं. तू घाबरून विचारलंस, तेव्हा मी वर्गाला हसवलं. तू खरं सांगितलंस, तेव्हा मी मार्क कापले. काय झालं, एवढं एकदाही विचारलं नाही. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर.”