हात न लावलेले हार

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सुरतेला डिंडोलीत माझ्या घरापासून चार दारं सोडून राहतात. त्यांनी उभा जन्म लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, फिटर म्हणून काढला. मग मालकाने नवे लूम आणले, त्यांना दाजींच्या पान्याची गरज पडेना आणि दाजी घरी बसले. यंत्रामुळे घरी बसलेल्या माणसाने यंत्राचं तोंड पाहू नये, असं निदान मला तरी वाटलं असतं. दाजी मात्र सकाळपासून फोनवर यंत्रंच बघत बसायचे. कुठल्या तरी परदेशी कारखान्यात गोळ्या-चॉकलेटं रांगेने पट्ट्यावरून जातायत, आपोआप कागदात गुंडाळली जातायत, माणूस म्हणून दिसत नाही. हे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जी भक्ती असायची, ती मी त्यांना देवळात गेल्यावरही पाहिलेली नाही.

ताई होळीच्या आधी साखरेचे हार-कंगन करते. आमच्याकडे खानदेशात होळीला लहान मुलांच्या गळ्यात साखरेचा हार आणि हातात साखरेचं कंगन घालतात. सुरतेचे गुजराती लोकही होळीला असेच हार घेतात, ते त्याला हारडा म्हणतात. त्यामुळे गिऱ्हाइकाला तोटा नसतो. काम मात्र हाडं मोडणारं. सागवानी साचे पाण्यात भिजवायचे, त्यांत दोरा लावायचा, साखरेचा पाक करायचा, दूध घालून मळी काढायची, मग तो पांढरा होईपर्यंत घोटायचा आणि घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतायचा. पाक हातावर उडाला की फोड येतो. ताईच्या मनगटांवर असे जुने-नवे डाग कायमचे आहेत.

एके दिवशी दाजी तिला म्हणाले, "तू हे अडाण्यासारखं किती दिवस करणार? मी मशीन बनवतो. हात लावायचा नाही."

ताई म्हणाली, "पाक घोटून द्याल का? तेवढं केलं तरी पुष्कळ."

"घोटायला माणूस कशाला लागतो? तेच तर मशीन करेल."

ज्या माणसाने आपल्या चहाची कपबशी कधी विसळली नाही, तो बायकोचे कष्ट कमी करायला निघाला की समजावं, आता तिचं काम दुप्पट होणार. झालंही तसंच. भंगारातून लूमची मोटर आली, कुणाच्या तरी मोडक्या वॉशिंग मशीनचा ड्रम आला, गीझरची कॉइल आली. पुढच्या खोलीतली पलंगाची जागा मशीनने घेतली आणि पलंग उभा करून भिंतीला टेकवला गेला. भेटायला येणाऱ्याला ताई चहा करायची आणि दाजी माहिती द्यायचे. गल्लीतले लोक त्यांना शास्त्रज्ञ म्हणू लागले. ते थट्टेने म्हणतात हे दाजींना कळत नव्हतं. आणि नंतर तर लोकांनाही ते विसरायला झालं.

मशीनचं म्हणणं असं होतं की ड्रममध्ये पाक घोटला जाईल, नळीतून तो खाली येईल आणि पट्ट्यावर सरकणाऱ्या साच्यांत पडेल. ड्रम फिरायचा, पट्टा सरकायचा, साचे एकामागून एक रिकामेच पुढे जायचे. पाक नळीत दगड होऊन बसायचा. साखर थंड झाली की घट्ट होते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण दाजींना ते दरवेळी नव्याने आश्चर्याचं वाटायचं. मग ते मुलीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन नळी शेकत बसायचे. घरभर जळक्या साखरेचा वास आणि जमिनीवर मुंग्या. त्या पुसायला अर्थात ताई.

होळी जवळ आली. ताईने मागच्या स्वयंपाकघरात आपली कढई चढवली आणि नेहमीसारखे हार करायला घेतले. पुढच्या खोलीत मशीन घरघरत होतंच. गिऱ्हाईक दारात येऊन मशीनकडे बघायचं, मग परातीतल्या हारांकडे बघायचं आणि हार मशीननेच केले असं धरून चालायचं. दाजी नाही म्हणायचे नाहीत. दोन दिवसांत त्यांनी पिशव्यांवर लावायला चिठ्ठ्या छापून आणल्या: 'संपूर्ण मशीनवर तयार, हात न लावलेले.'

मी पर्वत पाटिया भागातल्या एका दुकानात साड्यांची तपासणी करते. संध्याकाळी परत येताना ताईकडे गेले, तर दारात पाच-सात बायका. एकजण हार उलटसुलट करून विचारत होती, "मशीनना छे ने? हात लाग्यो नथी ने?" दाजी मान डोलावत होते. मी आत गेले. पडद्यामागे ताई कढईशी वाकून घोटत होती, घाम पदराला पुसत होती, आणि तिच्या बोटावर ताजा फोड होता.

"तू बोलत का नाहीस?" मी विचारलं.

"मशीनचं म्हटलं की लवकर खपतात," ती म्हणाली. "लोकांना तेच पाहिजे, तर मी काय करू?"

लोकांचं मला नवल वाटत नाही. रात्रीची भाकरी कुणाच्या तरी हातचीच खातात, हातांनीच खातात आणि साखरेच्या हाराला मात्र हात लागलेला यांना चालत नाही. लोखंडाच्या गंजलेल्या ड्रमवर यांचा विश्वास आहे, बाईच्या धुतलेल्या हातांवर नाही.

त्या रविवारी मी तिथेच होते, तेव्हा पर्वत पाटियाचे एक फरसाणवाले शेठ आले. त्यांनी कुणाकडे तरी ताईचे हार खाल्ले होते आणि दुकानासाठी मोठी ऑर्डर द्यायची होती. पण आधी मशीन बघायचं होतं. दाजींनी नवा शर्ट घातला होता. त्यांनी बटण दाबलं. ड्रम फिरला, पट्टा सरकला, पहिला साचा रिकामा गेला, दुसराही गेला. तिसऱ्याच्या वेळी नळीतून बोराएवढा पिवळट गोळा टप्पकन साच्याबाहेर पडला.

"आज व्होल्टेज कमी आहे," दाजी म्हणाले.

शेठ गोळ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पडदा सरकला आणि ताई हारांची परात घेऊन बाहेर आली. तिने ती शेठच्या पुढ्यात ठेवली.

"शेठ, तुम्ही खाल्ले ते हे. मी करते. या मशीनने अजून एकही केलेला नाही."

दाजींनी ड्रायर उचलला आणि परत खाली ठेवला. शेठनी एक तुकडा तोंडात टाकला, चघळला, मान हलवली. मग त्यांना जो प्रश्न पडला तो असा: "माल एक नंबर आहे, बेन. पण मग आम्ही चिठ्ठीवर काय लिहायचं?"

"हातचे म्हणून लिहा."

"हातचे कोण घेणार? असं करू, तुम्ही हातमोजे घाला, डोक्याला टोपी घाला आणि मशीन असंच चालू ठेवा. बोलायचं कशाला?"

ताईने परात उचलली. "माले आते बस व्हयनं," आता पुरे झालं असं ती अहिराणीत म्हणाली, ते शेठला कळलं नाही. मग मराठीत म्हणाली, "हातचे पाहिजे असतील तर न्या. नाहीतर राहू द्या." शेठ फोन करतो म्हणून गेले आणि त्यांनी फोन केला नाही.

दाजी दुपारी जेवले नाहीत. चार माणसांत तोंड दाखवायची सोय ठेवली नाही, म्हणाले. ताईने त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि कढई, चूल, साचे सगळं बाहेर ओट्यावर आणलं. चिठ्ठ्या चुलीत घातल्या. येणारा-जाणारा बघेल अशी ती उघड्यावर घोटू लागली. काही गिऱ्हाइकं बघून निघून गेली. त्या 'हात लाग्यो नथी ने'वाल्या बाई तर नाक मुरडून पलीकडच्या दुकानातले प्लास्टिकच्या कागदातले हार घेऊन गेल्या; ते कुणी केले हे त्यांनी विचारलं नाही. आपल्या गल्लीतल्या खानदेशी बायका मात्र आल्या, दरवर्षीसारख्या. परात अर्धी खपली, मग आणखी थोडी. सगळी काही खपली नाही.

होळीच्या आदल्या दिवशी ताईचा खांदा भरून आला. तिने दाजींना हाक मारली. "अहो, इकडे या. घोटा."

मला वाटलं, काहीतरी सबब सांगतील. पण एव्हाना राग ओसरलेला असावा. ते आले, पाटावर बसले आणि उलथनं हातात घेतलं. आधी त्यांनी उलथन्याची मूठ कशी चुकीची आहे आणि तिला बेअरिंग बसवलं तर किती फरक पडेल हे मला समजावून सांगितलं. मी ऐकलं नाही. मग ते घोटू लागले. थोड्या वेळाने त्यांचं बोलणं बंद झालं, मग कपाळावर घाम आला, मग त्यांनी हात बदलला.

"यात खांदा फार दुखतो," ते ताईकडे बघून म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं असा त्यांचा सूर होता.

ताई साच्यांना दोरा लावत होती. तिने वर पाहिलं नाही. "खाली लागतंय," ती म्हणाली, "थांबू नका."