विहीर कोण मोजणार

आमच्या गावात कासिमिरा सारापुराशी भांडण झालं नाही असा माणूस सापडायचा नाही. मी, एलादियो, तिचा चुलतभाऊ, म्हणजे माझा नंबर पहिला. साठी उलटलेली बाई, लोकरीसाठी पाळलेली चाळीस लामा जनावरं, आणि जीभ अशी की तिच्यासमोर लामासुद्धा थुंकायला कचरतात.

गाव डोंगरांतल्या उंच पठारावर, मिठागराच्या काठावर. मिठाखालचं खारं पाणी उपसून एक कंपनी त्यातून लिथियम काढते. त्या वर्षी विजेच्या मोटारी बनवणारे परदेशी पाहुणे आले. बॅटऱ्यांसाठी दहा वर्षांचं लिथियम त्यांना आधीच पक्कं करून ठेवायचं होतं. अट एकच: गावच्या गोड्या पाण्याला धक्का लागलेला नाही, असं आम्ही सही करून द्यायचं.

शाळेत सभा भरली. लिहायचं काम माझ्याकडे. कंपनीचा तरुण इंजिनिअर ओरेयाना म्हणाला, "तीन वर्षांपूर्वी विहिरीचं पाणी सहा मीटरवर होतं. आजही सहावरच आहे."

"साफ खोटं!" मागून आवाज आला. गालात कोकाची पानं धरून कासिमिरा उभी राहिली.

"कासिमिराबाई, यंत्रानं मोजलंय."

"यंत्र रोज पाणी काढतं का? मी काढते. आधी हातावरच्या दोराचे सात वेढे सुटायचे. आता आठवाही अर्धा सुटतो."

"वयानं हात आखडला असेल," तो हसत म्हणाला. सभाही हसली. मीही हसलो, उगाच कशाला खोटं बोला.

"चल विहिरीवर. कुणाचं काय आखडलंय ते बघूच."

सगळी वरात विहिरीवर गेली. धरणीमातेला पाणी वाहिल्याशिवाय कासिमिरा झाकण उघडू देईना. पाहुण्यांची प्रमुख आनेग्रेट नावाची उंच बाई होती. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी जमिनीवर ओतलं.

"बाटलीतलं?" कासिमिरानं नाक मुरडलं. "असू दे. धरणी तुमच्यासारखे नखरे करत नाही."

ओरेयानानं यंत्राची फीत सोडली. बरोबर सहा मीटर. मग कासिमिरानं दोर सोडला. बरोबर साडेसात वेढे. आता खरं कोण? मी कागद-पेन घेऊन नुसता उभा.

आनेग्रेट खाली वाकली. "हे लोखंडी झाकण कधी बसवलं?"

"गेल्या वर्षी," मी म्हणालो. "दगडी कठडा काढून, जमिनीलगत."

"कठडा केवढा होता?"

कासिमिरानं मांडीवर हात ठेवला. "एवढा. त्यावर रेलून हा एलादियो दिवसभर कामं चुकवायचा."

ओरेयानानं कपाळावर हात मारून घेतला. आधीची मापं कठड्याच्या माथ्यापासून, आताची जमिनीपासून. कासिमिराचा दोर मात्र तेव्हाही आणि आताही जमिनीवर उभं राहून तिच्या हातातूनच सुटत होता. म्हणजे कठड्याच्या उंचीइतकं पाणी खाली गेलं होतं, आणि कागदावर मात्र जिथल्या तिथं. पोरगा प्रामाणिक होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "चूक माझी आहे."

"चघळ ही पानं," कासिमिरानं त्याच्या हातावर मूठ रिकामी केली. "एवढ्या उंचीवर डोकं जरा हळूच चालतं."

लोक हसत पांगले. ती मात्र विहिरीत बघत राहिली. मी जवळ गेलो.

"जिंकलीस की गं!"

"आज मी खोटी ठरले असते तर बरं झालं असतं, एलादियो," ती म्हणाली.

त्या दिवशी सही झालीच नाही. आठ महिने बोलणी चालली. शेवटी गावालगतचे दोन पंप बंद झाले, मोटारवाल्यांनी कमी लिथियमवर करार केला आणि माप घ्यायचं काम गावाकडे आलं. त्याला माणूस कोण, यावर पहिल्यांदाच सभेत वाद झाला नाही.

दोन वर्षांनी पाणी थोडं वर आलं. कासिमिरानं स्वतः फोन लावला. "आनेग्रेट, चार बोटं वर!"

"बोटं म्हणजे किती सेंटिमीटर?"

"माझी बोटं. इथं ये आणि मोजून घे."

आणि ती बाई खरंच आली, फेब्रुवारीत, कार्निवलच्या उत्सवाला. तीन दिवस राहिली, इथल्या रिवाजाप्रमाणे तोंडाला पीठ फासून नाचली, आणि जाताना लामाच्या लोकरीची टोपी घालून गेली.