सुखदेवआबांनी भरलेले सांधे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय – का, ते मलाही नीट कळत नाही.

मी सुरतेत घरांच्या भिंतींना आतून जिप्समचे बोर्ड मारायची कामं घेतो. बमरोलीत राहतो, मूळचा शिरपूरकडचा. काम शिकवलं सुखदेवआबांनी – गावचेच, जुने गवंडी. आधी मी त्यांच्या हाताखाली होतो. पुढे ठेके मला मिळायला लागले, आणि तेच माझ्या हाताखाली आले. त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. मला वाटायचं. चारचौघांत ते मला काही सांगायला लागले की मला टोचायचं.

कुमुदताई म्हणून एक निवृत्त शिक्षिका. घर जुनं, बाहेरून सगळी दगडी लादी. पश्चिमेची खोली उन्हाळ्यात भट्टी व्हायची, आणि त्यांचे यजमान तिथेच अंथरुणाला खिळलेले. भिंतीला आतून थर्मोकोल लावायचा, वर बोर्ड – म्हणजे ऊन आत झिरपणार नाही. दिवाळीआधी संपवतो, असं मी ताईंना सांगून टाकलं.

पावसाळा नुकता संपलेला. लाद्यांचे सांधे उघडे पडून पाणी भिंतीत मुरलं होतं. आबांनी एकेक सांधा खरवडून पक्का भरला. मग आत येऊन भिंतीवर तळहात ठेवला.

"भित वली शे," ते म्हणाले. "महिनाभर सुकू दे. आते झाकू नको."

आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट हवी, हे त्यांनी ताईंसमोर दोनदा समजावलं. मला ते कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्यांच्या सांगण्यावरून मी माझा शब्द फिरवायचा? आबा दुसऱ्या कामावर गेले त्या दिवशी मी ओल्या भिंतीवर प्लास्टिक, थर्मोकोल, बोर्ड – सगळं गच्च बंद केलं. ताईंना म्हणालो, भिंत सुकली.

दोन-तीन महिन्यांत खोलीत कुबट वास यायला लागला. यजमानांचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी त्यांना त्या खोलीतून हलवायला सांगितलं. मी आबांना घेऊन गेलो, बोर्ड काढला. मागे पाण्याचे थेंब, आणि काळी बुरशी – पार छतापर्यंत. हे कुणामुळे झालं, ताईंनी विचारलं. आबा माझ्या शेजारीच उभे होते.

"सांधे कच्चे राहिले," मी म्हणालो. "ते काम आबांचं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं? नाही – राग असता तर बरं झालं असतं. थापी पिशवीत टाकली आणि गेले.

मग मी ती भिंत महिनाभर उघडी ठेवली, सुकवली, बोर्डामागे हवा खेळायला जागा सोडली – अगदी आबा म्हणाले होते तसं. ताई आजही लोकांना माझं नाव सांगतात. आबांना त्या भागात परत कुणी बोलावलं नाही. ते सुरतेबाहेर, सचिन गावात एका कारखान्याच्या गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. शेवटपर्यंत.

गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या घरी भेटायला गेलो तर त्यांची मुलगी म्हणाली, "भाऊ, त्या घरी आबांची चूक झाली, तरी तुम्ही येणं-जाणं तोडलं नाही."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा खरं सांगितलं नव्हतं. आणि मी – तेव्हा तरी?

"चुकतं माणसाचं," मी म्हणालो. आणि तिनं दिलेला चहा प्यालो.