देवाला विचारलं तेवढंच
ओल्या फुलांचा वास आला की डिचोलीतली ती सकाळ आठवते. शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा याचे माझे नियम संगणकात जुन्या भावांवर झकास चालले होते, पण खरे पैसे लावायला हात धजेना. शेवटी आई मला प्रसाद, म्हणजे देवाचा कौल, घ्यायला देवळात घेऊन गेली. भटजींनी मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. “एकच शेअर घेव काय?” मी विचारलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवाचा होकार. दुपारी घेतलेला शेअर घसरला, आणि नियमाने सांगितलं तिथेच मी तो विकला. “मगे, देव खोटो पडलो?” आईने विचारलं. “नाय गे. घेव काय, इतक्याच इचारलंय. फायदो होतलो काय, ह्या खंय इचारलंय?” दुसऱ्या सकाळी नियमाने सांगितलेला पुढचा शेअर घेताना हात अडला नाही. फायद्याचं मी अजूनही कुणाला विचारत नाही.