दुधाची ओळ

होम सायन्सची पदवी घेतल्यावर मला पहिलं काम मिळालं ते तुरुंगात, कैद्यांच्या जेवणाचा आठवड्याचा तक्ता करायचं. शाळेपासून सगळं इंग्रजीत शिकलेली, त्यामुळे कॅलरी आणि प्रथिनं आधी इंग्रजीत मांडायची, मग मराठीत उतरवायची. ज्वारीची भाकरी, आमटी, दोनदा मोडाची मटकी, बायकांच्या आवारातल्या शेवग्याचा पाला. स्वयंपाक करणाऱ्या कैद्याने तक्ता बघून विचारलं, ह्यात तिखट कुठं लिवलंय? सगळे हसले.

शेवटची ओळ एकाच बाईसाठी होती. अंगावर पाजणारी आई: अर्धा लिटर दूध, गूळ, शेंगदाणे. मूल दीड वर्षाचं. एका सोमवारी मेट्रनने सांगितलं, त्याला आजी कबनूरला घेऊन गेली, ती ओळ आता काढा.

ओळ खोडायला मी पट्टी हातात घेतली, तोवर ती बाई दारात येऊन उभी राहिली.

"दूध बंद करू नगासा, बाई. म्हयन्यानं पोरगं भेटीला यायचं हाय. तवर आटाय नको."

"घोडं झालंय ते," मेट्रन म्हणाली. "भाकरी खातंय की."

बाई माझ्याकडेच बघत होती. बाळ ओढत नसेल तर आई कितीही दूध प्यायली तरी पान्हा टिकत नाही, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तरी ती ओळ मी तशीच ठेवली. शेऱ्यात 'रक्त कमी, एक महिना चालू' असं लिहिलं. खोटं नव्हतं. तिथे बहुतेकींचं रक्त कमीच होतं.

ती रोज सकाळी हाताने दूध पिळायची आणि शेवग्याच्या बुंध्याशी सोडायची, कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. मी पाला बघायला गेले की पाठ फिरवायची. दिवसेंदिवस तिला वेळ जास्त लागत होता.

भेटीच्या दिवशी मेट्रनने मूल आजीच्या कडेवरून घेऊन तिच्या मांडीवर दिलं. त्याच्या हातात बिस्किट होतं. तिने पदराखाली घेतलं, त्याने तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं. त्याने तिच्या पदराला तोंड पुसलं आणि आजीकडे हात केले.

"विसरलं," ती म्हणाली. आजीने त्याला उचललं.

दुसऱ्या दिवशी तिने मेट्रनकडून निरोप पाठवला, दूध नको. मी पट्टी ठेवून ओळ खोडली. शेवग्याचा पाला त्या आठवड्यातही तक्त्यात होता.